खंडेनवमीचा फोटो

३ नोव्हेंबर, सोमवार

पोचले बाई एकदाची! अहमदपूरहून रात्रभर ट्रॅव्हल्सच्या सीटवर बसून अंग नुसतं आंबून गेलं होतं. पण नाशिक फाट्याला उतरले, समोर गणराज दात काढून उभा, आणि सगळा शीण कुठल्या कुठे पळाला. (गणराज म्हणायचं ते फक्त ह्या वहीत. तोंडावर ‘अहो’च. सासूबाईंनी ऐकलं तर माझी काही धडगत नाही.)

लग्नाला दीड वर्ष झालं, पण संसार सगळा फोनवरच. नवरा चाकणला कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रे दाबायच्या मशीनवर, मी सासरी चुलीपाशी. आता कुठे त्याच्या खोलीवर आलेय. कासारवाडी, रेल्वे लाइनीला लागून, दुसरा मजला. गाडी गेली की मांडणीवरच्या वाट्या किणकिणतात. एकच खोली, त्यातच ओटा, पण खिडकीतून ऊन छान येतं. गणराजने माझ्यासाठी भिंतीवर आरसा लावून ठेवलाय, तोही स्वतःच्या उंचीला! मला त्यात नुसता माझा भांग दिसतो. म्हटलं, अहो, अख्खी बायको बघायची असेल तर तो जरा खाली घ्या. एवढा हसला की खालून आमच्या घरमालकीण, सुमनताई, काय झालं बघायला वर आल्या.

मी फार खूश आहे. मुद्दाम लिहून ठेवते. पुढे भांडण झालं की वाचायला बरं.

८ नोव्हेंबर, शनिवार

मंगळवारीच नोकरी लागली! घरात बसून भिंती मोजणारी बाई मी नव्हेच. बाजारातल्या इम्तियाजभाईंचा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, लॅमिनेशन, वाढदिवसाचे फ्लेक्स, हार घालायचे फोटो. भाई पन्नाशीचे, मऊ बोलणारे. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना स्क्रीनकडे फार वेळ बघवत नाही, म्हणून माणूस हवं होतं. मी त्यांच्याच दुकानाचा फोटो काढला, मोबाइलवरच्या एआयच्या ॲपमध्ये घातला आणि विजेच्या तारा, कुत्रं, कचऱ्याचा डबा असं सगळं उडवून दाखवलं. करायचं काय, तर नको त्या वस्तूभोवती बोटाने गोल काढायचा आणि ‘मिटवा’ दाबायचं. वस्तू जाते. तिच्यामागे काय असेल ते ॲप आपलं आपण रंगवून टाकतं. भाई बघतच राहिले.

चार दिवस मजेत गेले. स्थळासाठी पाठवायच्या एका मुलीच्या फोटोतून मागे वाळत घातलेली गोधडी काढली. बारशाच्या फोटोतून शेळी काढली. एका भाऊंच्या फ्लेक्सवरून, रुसून दुसऱ्या गटात गेलेला कार्यकर्ता काढला. दोन दिवसांनी स्वारी परत आली, म्हणून परत चिकटवला!

भाईंचा एकच दंडक आहे. गेलेल्या माणसाचा एकट्याचा फोटो बहुतेक घरांत नसतोच. असतो तो कुणाच्या तरी लग्नातला, घोळक्यातला. तर अशा वेळी गेलेल्या माणसाला कापून उचलायचं आणि निळ्या पडद्यावर ठेवायचं. त्याच्या शेजारच्या जित्या माणसांना पुसायचं नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, बेटा, अब्बा असंच करायचे, म्हणून मी करतो, कारण मलाही ठाऊक नाही. मी मान डोलावली. पण केसांच्या कडा कापताना जीव मेटाकुटीला येतो आणि पुसायला लागतो एक क्षण. जुन्या माणसांचं काहीतरीच असतं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

काल गुरुवार, कंपनीला सुट्टी. गणराज पहिल्यांदा रोहिदासबद्दल भडाभडा बोलला. मी यायच्या आधी ही खोली दोघांची होती. एकाच प्रेसवर काम, एकाच ताटात जेवण. दसरा झाला आणि पंधरवड्यात त्याच्या गाडीला चाकणच्या रस्त्यावर डंपरने उडवलं. मी काही त्याला पाहिलं नाही. गणराज टॉवेलात तोंड खुपसून रडला आणि म्हणाला फोडणीचा ठसका लागला. मी तेव्हा चहा करत होते.

आज दुपारी रोहिदासची आई स्टुडिओत आल्या, सुभद्राबाई. राजगुरुनगरच्या पलीकडचं गाव त्यांचं. गणराजनेच पाठवलं होतं. घरात लावायला लेकाचा फोटो हवा होता. तोही गणराजनेच मला पाठवून ठेवला होता, खंडेनवमीला कंपनीत यंत्रांची पूजा झाली तेव्हाचा. प्रेसला झेंडूच्या माळा, रोहिदास मान मागे टाकून खदाखदा हसतोय, आणि शेजारी त्याच्या खांद्यावर हात टाकून आमचे साहेब, म्हणजे गणराज. दुसऱ्या कुठल्याच फोटोत रोहिदास हसत नाही म्हणे.

मी निळ्या पडद्याचं बोलले, तर बाई ऐकेनात. ‘न्हाई गं बाई. त्याचं मशीन ऱ्हाऊ दे, फुलं ऱ्हाऊ दे. तितंच हसला माझा ल्योक.’ आता मशीन ठेवायचं, फुलं ठेवायची आणि लेक एकटा हवा, म्हणजे शेजारच्याला पुसल्याशिवाय होणार कसं? जिता माणूस परका असता तर मी थबकले असते. हा तर घरचाच! गणराजला फोन लावला. तो म्हणाला, काढ की मला, उगं इचारतीस काय, भावाला ठेव म्हंजे झालं. भाई जुम्म्याच्या नमाजाला गेले होते. मी गोल काढला आणि ‘मिटवा’ दाबलं. गणराज गेला. रोहिदासच्या खांद्यावर चार बोटं तेवढी राहिली होती, तीही घासून काढली. मागे मशीन आणि झेंडू असे भरून आले की तिथे कधी कुणी उभंच नव्हतं.

सुभद्राबाई काचेवरून हात फिरवत रडल्या. मलाही रडू आलं. संध्याकाळी गणराजला चिडवलं, आज तुम्हाला एका बोटाने संपवलं बरं का. तो म्हणाला, चला, सुटलो एकदाचा.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

गणराज आज भरदुपारी घरी. कंपनीच्या गेटवर तोंड दाखवून हजेरी लागते. ते मशीन त्याचं तोंडच घेईना. टोपी काढली, नळावर जाऊन तोंड धुऊन आला, तरी नाही. मशीन म्हणतंय समोर कुणी नाही. सुपरवायझर म्हणाला, उद्या बघू. मी म्हटलं, दाढी करा आधी, यंत्राला तरी ओळख पटायला नको का? पण तो हसला नाही. काल कंपनीची बसही फाट्यावर त्याच्यासमोरून न थांबता गेली होती. ड्रायव्हरला फोन केला तर तो म्हणाला, तिथं कुणी उभंच नव्हतं राव.

चिडलाय. भांडी आपटतोय. मीही दोन शब्द बोलले. झालं पहिलं भांडण.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

अजून हजेरी नाही. काल म्हटलं चला, जरा पिंपरीच्या बाजारात हिंडून येऊ, डोकं शांत होईल. जिना उतरताना सुमनताई भेटल्या. म्हणाल्या, एकटीच निघालीस होय, नवरा कुठल्या शिफ्टला? आणि गणराज माझ्या शेजारी उभा! मला वाटलं गंमत करतायत. त्या गंमत करत नव्हत्या. मी त्याचा दंड धरून म्हटलं, हे काय, हे आहेत की. तेव्हा त्यांनी डोळे बारीक केले आणि म्हणाल्या, अगोबाई, हो की, उन्हाने दिसलंच नाही बघ. जिन्यात ऊन नसतं.

बाजारात सेल्फी काढायला गेले. तोंडाभोवती तो पिवळा चौकोन येतो ना, तो नुसता माझ्याच तोंडाला आला. गणराज पुढे आला, वाकला, दात विचकले. चौकोन एकच. तो म्हणाला, फोन बिघडलाय तुझा. मी हो म्हटलं. रात्री नीट झोप लागली नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

 नीट लिहायचं ठरवलंय.

दुपारी सहज लग्नाचे फोटो उघडले. अंतरपाट दूर झाल्यावरचा फोटो. मी हार घेऊन हात पुढे केलेत. समोर मांडवाचं कापड आहे. नुसतं कापड. चुण्यासुद्धा व्यवस्थित पडलेल्या. मी कुणाच्या गळ्यात हार घालतेय?

पुढचा फोटो बघितला, त्याच्या पुढचा बघितला. सप्तपदीत मी एकटी. जेवणाच्या पंगतीत मी कुणाला तरी घास भरवतेय, आणि घास हवेत. मी कशाला हात लावला नव्हता. मी फक्त एकच फोटो पुसला होता. एकच.

गणराजने विचारलं काय बघतीस. मी फोन उशीखाली सारला.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

भाईंना सगळं सांगितलं. ते पहिल्यांदाच माझ्यावर ओरडले आणि मग लगेच खुर्चीत बसले. म्हणाले, मी सांगितलं होतं ना बेटा, एकच गोष्ट सांगितली होती. मी म्हटलं, आता उपाय सांगा. त्यांनी हात जोडले. त्यांना उपाय ठाऊक नाही. त्यांच्या अब्बांनी कधी पुसलंच नव्हतं, तर उपाय कुठून येणार?

मूळ फोटो शोधला. माझ्या फोनमध्ये, गणराजच्या फोनमध्ये, ज्याने काढला त्या पोराकडे. सगळीकडे रोहिदास एकटा हसतोय. पोरगं म्हणालं, वहिनी, तो फोटो एकट्याचाच होता की.

मग एकच सुचलं. हार घातलेली ती फ्रेम भिंतीवरून उतरवायची. गेलेल्या माणसाशेजारची जागा मी रिकामी करून ठेवलीय आणि रोज तिच्यापुढे उदबत्ती लागतेय. ती बंद तरी होईल. गुरुवारी जाणार. गणराजलाही सांगितलं. तो माझ्याजवळ येऊन बसला. मग माझ्याच डोक्यावर हात ठेवून म्हणाला, मीच म्हणलो होतो काढ म्हणून, तू कशाला रडतीस.

मला तो हवाय. दीड वर्ष फोनवर काढलं मी. मला बाकी काही नको.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

राजगुरुनगरच्या बसमध्ये कंडक्टरने एकच तिकीट फाडलं. मी दोन म्हटलं, तर विचारलं, दुसरं कोण? शेजारच्या बाईने गणराजच्या मांडीवर पिशवी ठेवली. त्याने ती तशीच राहू दिली. खिडकीबाहेर बघत बसला.

सुभद्राबाईंनी मला पोटाशी धरलं. फ्रेम देवघराच्या वर. ताजा हार. गणराज वाकून त्यांच्या पाया पडला, आणि त्या पाणी आणायला वळल्या त्या त्याच्या हातावर पाय देऊन. त्यांना कळलं नाही. गणराजने हात काढून घेतला आणि नुसता बघत राहिला त्या हाताकडे.

मी विनवलं, फ्रेम द्या, ह्याहून चांगली करून आणते. त्या म्हणाल्या, ‘न्हाई गं लेकी. त्याच्याकडं बघून तर घास उतरतो माजा.’ मी पाय धरले. खरं काय ते सांगितलं. त्यांना वाटलं पोरीला काहीतरी झालंय. माझी दृष्ट काढली! मी उठून फ्रेमला हात घातला, तशा त्या किंचाळल्या. शेजारपाजार गोळा झाला.

गणराजनेच मला बाहेर ओढलं. म्हणाला, ऱ्हाऊ दे. माउलीला एवढंच हाय.

मला त्याचा इतका राग आला. इतका राग. वेडा माणूस.

२९ नोव्हेंबर, शनिवार

चहा दिला तर कप तसाच भरलेला. तो म्हणतो प्यालो.

त्याचा आवाज शेजारच्या खोलीतून आल्यासारखा येतो. आम्हाला शेजारची खोली नाही.

आज भात एकापुरताच टाकला. विसरले. मी! ताट वाढून घेतलं, निम्मं जेवले, मग भिंतीशी बसलेला दिसला. काही मागितलं नव्हतं त्याने. मी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. लाज वाटली, भीती वाटली, काय काय वाटलं. त्याने माझे हात धरले. धरले असावेत. नीट कळलं नाही.

१ डिसेंबर, सोमवार

सकाळी अंघोळ करून आले आणि खोलीत परका पुरुष बघून ओरडले. मग ओळखलं. तो रडत होता. तोंड हलत होतं, आवाज नाही.

दुपारी चटई दबलेली दिसली. फक्त चटई.

अहो, मी इथेच आहे. तुम्ही कुठे आहात ते—

२ डिसेंबर, मंगळवार

चटई सपाट. मी तिच्यावर हात फिरवत बसले.

सुमनताई म्हणाल्या, एकट्या मुलीला खोली द्यायची नव्हती खरं तर, पण तू चांगली वाटलीस. मी म्हटलं, नवरा आहे माझा. त्यांनी विचारलं, नाव काय गं त्याचं?

लगेच आलं नाही. लगेच आलं नाही! जिन्यात उभी राहून आठवत होते. ग— गणराज. गणराज. गणराज.

अजून एक उपाय आहे. ॲपमध्ये ‘मिटवा’च्या खाली ‘भरा’ असतं. शब्दांत लिहायचं, ते चित्र काढून देतं. भाईंना बोलले. ते नको म्हणाले, पुन्हापुन्हा म्हणाले. ॲप भरताना आजूबाजूचंच उचलतं, हे मलाही माहितेय. फरशी असली की फरशी भरतं, गवत असलं की गवत. पण दुसरं आहे काय माझ्याकडे? हातावर हात धरून बसू?

उद्या भाई माल आणायला जातील तेव्हा.

३ डिसेंबर, बुधवार, दुपार

केलं.

रोहिदासशेजारी मोकळ्या जागेत गोल काढला. लिहायला बसले, माणूस, अंगात कंपनीचा राखाडी शर्ट, हात मित्राच्या खांद्यावर. वर्ण गव्हाळ. मिशी— मिशी होती का? होती का हो? नाक कसं होतं? काहीच— बघायला एकही फोटो नाही. रडत रडत शेवटी लिहिलं, माझा नवरा. ॲपला काय कळणार माझा नवरा.

आला. उंची बरोबर. शर्ट बरोबर. हात खांद्यावर. चेहरा नीट बघवेना, डोळ्यांत पाणीच पाणी. मान मागे टाकून खदाखदा हसतोय. हसतोय म्हणजे बरा आहे. मी ‘ठेवा’ दाबलं.

३ डिसेंबर, संध्याकाळ

सुमनताई खालून ओरडल्या, अगं, नवरा आला बघ तुझा, बस थेट गल्लीच्या तोंडाशी सोडून गेली! त्यांना दिसला! मी देवापुढे डोकं टेकलं. जिन्यावर बुटांचा आवाज. खरा आवाज, जड. मी हसत होते, रडत होते. हजेरी लागली म्हणे. मशीनने पहिल्या फटक्यात तोंड घेतलं.

पण आत येईना. उंबऱ्याशीच थांबला. बसा म्हटलं तर तिथेच बसला, दाराशी, पाय दुमडून. पाणी दिलं. प्याला, खरंच प्याला, तांब्या रिकामा केला. माझ्याकडे वर मान करून बघत नाही. खाली बघूनच बोलतो. परक्याच्या घरी आल्यासारखा—

जेवायला वाढू का विचारलं. तसा हसला. मान मागे टाकून. ते हसू मी कुठे— नाही. नाही नाही. शर्ट त्यांचाच आहे. उंची त्यांचीच आहे. ॲप आजूबाजूचंच—

ओट्याशी उभी राहून लिहितेय. तो माझ्या पाठीशी, दारात. आत्ता बोलला. फार अदबीने बोलला.

‘वहिनी, गणराज आला न्हाई व्हय अजून? येईल तवर बसतो मी.’

मी वळले. सांगायला तोंड उघडलं की गणराज आता नाही येणार, गणराज म्हणजे माझा— माझा कोण?